रेशनच्या यंत्राचे विकार व त्यांची परीक्षा

मनुष्यानें केलेलें यंत्र कितीहि कौशल्यानें घडविलेलें असो, तें केव्हां ना केव्हां अडून बसावयाचेंच. शिवणयंत्राची सुई मोडते, सायकलची साखळी निसटते, विहिरीवरील पंप ऐन उन्हाळ्यांत बंद पडतो. अशा वेळीं धनी कारागिरास बोलावितो, चार पैसे खर्च होतात व काम पुन्हां सुरू होतें. परंतु हल्लीं गांवोगांवच्या रास्त भाव दुकानांत जें लहानसें यंत्र आलें आहे, त्याची गोष्ट निराळी आहे. तें अडलें असतां खरा तोटा यंत्राच्या धन्यास होत नाहीं; पिशवी घेऊन रांगेंत उभ्या असलेल्या माणसास होतो, आणि तो तोटा धान्याचा असतो. "अंगठा लागत नाहीं, उद्यां या," एवढ्या शब्दांनीं एखाद्या म्हातारीची खेप फुकट जाते आणि मजुराचा रोज बुडतो. म्हणून या यंत्राचे नेहमींचे विकार कोणते, ते ओळखावे कसे, व त्यांवर कोणीं काय उपाय करावा, हें आमच्या विद्यार्थ्यांस नीट समजावें, या हेतूनें प्रस्तुत लेख लिहिला आहे.

या यंत्रास सरकारी कागदांत 'ई-पॉस' म्हणतात. लोक त्यास 'थंबचें मशीन' म्हणून ओळखतात. हातांत मावेल एवढा त्याचा आकार. वर लहानसा पडदा, बोट टेकण्यासाठीं कांचेचा तुकडा, आणि पावतीचा कागद बाहेर येण्यासाठीं एक फट, असा त्याचा थाट असतो. दिसावयास तें हिशेबाचें यंत्र वाटतें; परंतु तें एकटें कांहींच करूं शकत नाहीं, ही गोष्ट प्रथम ध्यानांत ठेवावी. दूर ठेवलेल्या मोठ्या संगणकांशीं बोलल्यावांचून त्यास एक किलो गहूहि देतां येत नाहीं. त्याचे बहुतेक विकार याच परावलंबनांतून उत्पन्न होतात.

या यंत्राच्या मागें हक्क कोणता आहे, तेंहि थोडक्यांत सांगितलें पाहिजे. सन २०१३ च्या राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्यानें अंत्योदय कुटुंबास दरमहा ३५ किलो, आणि प्राधान्य कुटुंबांतील प्रत्येक माणसास दरमहा ५ किलो धान्य मिळण्याचा हक्क दिला. १ जानेवारी २०२३ पासून हें धान्य विनामूल्य दिलें जात आहे, व १ जानेवारी २०२४ पासून पुढें पांच वर्षें तें तसेंच देण्याचें केंद्र सरकारनें ठरविलें आहे. आमच्या सांगोला तालुक्यांत या पांच किलोंचें मोल काय, हें वेगळें सांगावयास नको. तालुका अवर्षणाचा, पाऊस बेभरंवशाचा. डाळिंबाच्या बागांनीं पुष्कळ शेतकऱ्यांस हात दिला हें खरें. परंतु त्याच बागांत रोजानें खपणाऱ्या कुटुंबांस महिन्याची अखेर गांठतांना रेशनच्या धान्याचाच आधार असतो. तेव्हां हें धान्य उपकार म्हणून दिलें जात नसून कायद्यानें दिलें जातें, आणि यंत्र हें तें देण्याचें केवळ एक साधन आहे, हें विसरतां कामा नये.

ओळखीसाठीं बोटाचा ठसा घेण्याची कल्पना नवी नाहीं. तिचा आधुनिक काळांतील उगम आपल्याच देशांत सांपडतो. सन १८५८ मध्यें बंगालमध्यें विल्यम हर्शेल नांवाच्या मुलकी अधिकाऱ्यानें एका कंत्राटदाराच्या हाताचा ठसा करारनाम्यावर घेतला, आणि पुढें अनेक वर्षांच्या अनुभवानें त्याची खात्री पटली कीं, माणसाच्या बोटांवरील रेघा वयाबरोबर बदलत नाहींत. सन १८९७ मध्यें कलकत्त्यास ठशांची कचेरी निघाली, व ठशांचें वर्गीकरण करण्याच्या कामीं अझिझुल हक व हेमचंद्र बोस या दोघां हिंदी अधिकाऱ्यांनीं मोठीच कामगिरी बजाविली. पुढें २९ सप्टेंबर २०१० रोजीं आमच्या महाराष्ट्रांतील नंदुरबार जिल्ह्यांत, टेंभली या आदिवासी गांवीं, आधार क्रमांकाचें पहिलें वाटप झालें. पूर्वीं अंगठा उठविणें ही निरक्षराची खूण समजली जात असे. आतां शिकलेला व अशिक्षित या दोघांसहि दुकानाच्या दारांत अंगठाच पुढें करावा लागतो.

आतां या अंगठ्याचा प्रवास पाहूं. दुकानदार प्रथम शिधापत्रिकेचा क्रमांक यंत्रांत घालतो. यंत्र तो क्रमांक अन्न विभागाच्या संगणकाकडे पाठवितें, आणि तेथून त्या कुटुंबांतील माणसांचीं नांवें पडद्यावर येतात. जो माणूस हजर असेल त्याचें नांव निवडून त्याचें बोट कांचेवर ठेवलें जातें. यंत्र बोटाचें चित्र घेतें, तें गुप्त लिपींत बंद करतें, आणि मोबाइलच्या मनोऱ्यामार्फत पुढें धाडतें. तें अन्न विभागाच्या संगणकावरून आधारच्या भांडारापर्यंत जातें. तेथें पूर्वीं घेतलेल्या ठशाशीं त्याची तुलना होऊन 'होय' किंवा 'नाहीं' असा निकाल होतो, आणि तो आल्या वाटेनें परत येतो. निकाल 'होय' असा आला म्हणजे यंत्र धान्याचें प्रमाण दाखवितें व पावती छापतें. सर्व कांहीं सुरळीत असेल तर या साऱ्या येरझारीस कांहीं क्षण पुरतात.

२८ डिसेंबर २०२० रोजीं देशांतील शंभरावी किसान रेल्वे आमच्या सांगोला स्थानकांतून पश्चिम बंगालमधील शालिमारकडे निघाली, हें वाचकांस स्मरत असेल. अशा गाडीनें पाठविलेली डाळिंबाची पेटी मुक्कामास पोंचली नाहीं, तर आपण काय करतों? पेटी स्थानकापर्यंत गेली होती काय, गाडींत चढली काय, वाटेंत गाडी अडली काय, कीं पलीकडे उतरवून घ्यावयासच कोणी नव्हतें, अशी एकेक गोष्ट क्रमानें विचारतों. "पेटी पोंचली नाहीं, त्या अर्थीं बागेंत डाळिंबच नव्हतें," असें कोणी म्हणत नाहीं. परंतु यंत्रानें 'नाहीं' म्हटलें कीं, समोरचा माणूसच खोटा असावा, किंवा त्याचें नशीबच खोटें असावें, असें मात्र आपण चटकन मानतों. वस्तुतः यंत्राच्या 'नाहीं'चा अर्थ "मला या वेळीं ओळख पटवितां आली नाहीं" एवढाच असतो. तें 'नाहीं' वाटेंतील कोणत्या टप्प्यावर उच्चारलें गेलें, हें शोधून काढणें म्हणजेच या यंत्राची परीक्षा होय.

ही परीक्षा करण्यास यंत्र उघडावें लागत नाहीं. तीन प्रश्न विचारावे लागतात. पहिला प्रश्न: यंत्राचा पडदा उजळतो काय, व कळा चालतात काय? उत्तर नकारार्थी असेल तर विकार यंत्राच्या शरीरांत आहे. दुसरा प्रश्न: याच दुकानांत, याच वेळीं, इतरांचे अंगठे लागत आहेत काय? लागत असतील तर यंत्र, मोबाइलचें जाळें व दूरचे संगणक हीं तिन्ही ठीक आहेत असें समजावें, आणि दोष या माणसाच्या बोटांत किंवा त्याच्या नोंदींत शोधावा. तिसरा प्रश्न: कोणाचाच अंगठा लागत नसेल, तर शेजारच्या गांवच्या दुकानांत काम चाललें आहे काय? तेथें चालत असेल तर विकार या गांवच्या जाळ्यांत किंवा या यंत्रांत आहे. तेथेंहि बंद असेल तर तो मुख्य संगणकांत आहे. महूद, जवळा, कोळा, घेरडी अशा गांवांतील नातलगांस एक फोन केल्यानें हें कळूं शकतें. या तीन प्रश्नांनीं निम्मी परीक्षा आटोपते. आतां एकेका विकाराचा विचार करूं.

पहिला वर्ग यंत्राच्या शरीराचा. यंत्रांत बॅटरी असते. ती रात्रीं भरून ठेवली नाहीं आणि दिवसा वीज गेली तर यंत्र मान टाकतें. पडदा गोठून बसला, कोणतीच कळ लागू पडेना, तर यंत्र पूर्ण बंद करून थोड्या वेळानें पुन्हां सुरू करावें. पुष्कळशा किरकोळ खोळंब्यांस एवढा उपाय पुरतो. बोट टेकण्याच्या कांचेवर दिवसभरांत घाम, तेल व धान्याची धूळ यांचा थर बसतो, आणि आधींच्या माणसाचा पुसट ठसा नव्या ठशांत मिसळतो. ती कांच मऊ कोरड्या फडक्यानें वरचेवर पुसावी. पाणी ओतूं नये, व नखानें खरवडूं नये. यंत्र उन्हांत ठेवूं नये, कारण कांचेवर थेट सूर्यप्रकाश पडला तर आंतील दिव्याचा प्रकाश फिका पडून चित्र बिघडतें. यंत्र नुसतें सावलींत घेतल्यानें अंगठा लागूं शकतो.

पावती कोरी निघते, ही एक नेहमींची तक्रार आहे. या यंत्रांत शाई नसते. कागदाच्या एका बाजूस उष्णतेनें काळें पडणारें लेपन असतें, व यंत्र तापलेल्या टोकानें त्यावर अक्षरें उठवितें. गुंडाळी उलटी बसविली कीं, लेपनाची बाजू दुसरीकडे जाते आणि कागद कोराच बाहेर येतो. उपाय इतकाच कीं, गुंडाळी काढून फिरवून बसवावी. अशी पावती उन्हांत किंवा चुलीजवळ ठेवली तर कालांतरानें सर्वच काळवंडते किंवा पुसट होते; म्हणून तिच्यावरील दिनांक व धान्याचे आंकडे घरच्या वहींत त्याच दिवशीं उतरून ठेवावे.

आणखी एक विकार सहसा कोणाच्या ध्यानांत येत नाहीं. यंत्रांतील घड्याळ व दिनांक चुकीचे असले तर ठसा कितीहि स्वच्छ असो, दूरचा संगणक तो स्वीकारीत नाहीं. कारण जुना ठसा साठवून पुन्हां वापरण्याची लबाडी होऊं नये म्हणून प्रत्येक ठशाबरोबर वेळ पाठविली जाते. पडद्यावर ५६१ हा आंकडा आला तर पाठविलेली वेळ फार जुनी ठरली, आणि ५६२ आला तर ती पुढची ठरली, असें समजावें. दोन्ही वेळां बोटांचा कांहीं दोष नसतो. दुकानदारानें यंत्राचा दिनांक व वेळ दुरुस्त केली पाहिजे.

दुसरा वर्ग जाळ्याचा, म्हणजे लोक ज्यास 'रेंज' म्हणतात त्याचा. यंत्रांत मोबाइलप्रमाणेंच सिम असतें, आणि मोबाइलचा मनोरा दूर असला, मध्यें टेकाड आलें, किंवा दुकान जाड भिंतींच्या खोलींत असलें तर लहरी क्षीण होतात. माळरानावरील वाड्यावस्त्यांचा हा नेहमींचा अनुभव आहे. येथें परीक्षा सोपी आहे. त्याच कंपनीचें सिम असलेला मोबाइल यंत्राशेजारीं धरून पहावा. मोबाइलवर इंटरनेट चालत नसेल तर दोष जाळ्याचा. यंत्र दाराशीं किंवा उंचवट्यावर नेऊन पहावें, अथवा दुसऱ्या कंपनीचें सिम घालण्याची सोय असेल तर तें घालावें. मोबाइल चालतो आणि यंत्र चालत नाहीं, असें असेल तर सिम नीट बसलेलें नसावें, किंवा त्याची मुदत संपली असावी. ही तजवीज दुकानदारानें व यंत्र पुरविणाऱ्यांनीं करावयाची आहे. रांगेंतील माणसास त्यासाठीं परत पाठविणें योग्य नव्हे.

तिसरा वर्ग मुख्य संगणकाचा. "सर्व्हर डाऊन आहे," हें वाक्य आतां खेड्यांतील म्हातारेहि बोलतात. परंतु सर्व्हर म्हणजे काय, हें पुष्कळांस ठाऊक नसतें. अनेक यंत्रांच्या प्रश्नांस उत्तरें देणारा दूरचा मोठा संगणक, तो सर्व्हर होय. गांवच्या एकाच आडावर साऱ्या बायका एकाच वेळीं घागरी घेऊन आल्या तर पाणी असूनहि खोळंबा होतो. तसेंच येथें होतें. राज्यभरच्या दुकानांत धान्य एकाच सुमारास पोंचलें, अथवा महिन्याची अखेर आली, कीं सर्व यंत्रें एकदम प्रश्न विचारूं लागतात आणि उत्तरें रेंगाळतात. या विकारावर गांवांत उपाय नाहीं. मात्र शहाणपण आहे. गर्दीचे तास टाळून सकाळीं लौकर किंवा दुपारीं उशिरां प्रयत्न करावा. बोट पुन्हां पुन्हां दाबून कांहीं साधत नाहीं. आणि जो दोष सरकारी संगणकाचा आहे, त्यासाठीं कोणाचें त्या महिन्याचें धान्य बुडतां कामा नये.

चौथा वर्ग बोटांचा. सर्वांत अधिक गैरसमज याविषयींच आहेत. बोटांच्या टोकांवरील उंचवट्याच्या रेघा आईच्या पोटांत असतांनाच तयार होतात. त्या कोठें संपतात व कोठें दुभंगतात, तीं ठिकाणें यंत्र टिपून घेतें, आणि त्यांवरून ओळख पटवितें. बहुतेक यंत्रांत कांचेखालून प्रकाश टाकलेला असतो. रेघेचा उंचवटा कांचेस टेकतो तेथें प्रकाशाचें परावर्तन बदलतें, व दोन रेघांमधील खोलगट भाग टेकत नाहीं तेथें तें तसेंच राहतें. या फरकानें चित्र उमटतें. म्हणून बोट फार कोरडें असेल तर रेघा नीट टेकत नाहींत व चित्र तुटक येतें. फार ओलें असेल तर पाणी खोलगट भाग भरून टाकतें व चित्र माखल्यासारखें होतें. आणि फार जोरानें दाबलें तर रेघा चेपून एकमेकींस मिळतात.

आतां कोणाचीं बोटें लागत नाहींत, तें पहा. डाळिंबाच्या काटेरी झाडांची छाटणी करणारांचीं, दगड फोडणारांचीं, सिमेंट-चुन्यांत काम करणारांचीं, भांडीं-धुणीं करून हात सोड्यानें सोललेल्या बायांचीं, आणि वयामुळें कातडी सुकून सैल पडलेल्या वृद्धांचीं. म्हणजे ज्यांनीं आयुष्यभर हातांनीं कष्ट केले, त्यांनाच यंत्र ओळखीत नाहीं. या न ओळखण्यांत त्यांचा अपराध तिळमात्र नाहीं. रेघा झिजल्या असल्या तरी त्या कायमच्या गेलेल्या नसतात. कष्टाच्या कामांत खंड पडला म्हणजे वरवर झिजलेल्या रेघा पुन्हां उठूं लागतात, खोल जखमेचा व्रण मात्र राहतो.

उपाय क्रमानें करावे. प्रथम हात साध्या पाण्यानें धुऊन पूर्ण पुसावे. बोट कोरडें असेल तर तें एकदां कपाळावरून फिरवावें. कातडीचें स्वाभाविक तेल रेघांस पुरेसें होतें. घरीं आदल्या रात्रीं हातांस थोडें तेल चोळून सकाळीं पुसून जावें, हेंहि हितकर आहे. मग बोटाचें टोंक न टेकतां फुगीर मधला भाग कांचेवर सपाट ठेवावा, हलकेंच दाबावें, व यंत्र सांगेपर्यंत हलवूं नये. एवढ्यानें काम न झालें तर बोट बदलावें. आधारच्या नोंदणींत एकट्या अंगठ्याचा ठसा घेतलेला नसतो. ज्यांस दहा बोटें आहेत त्यांच्या दहाहि बोटांचे ठसे घेतलेले असतात, आणि त्यांपैकीं कोणतेंहि चालतें. आमच्या एका विद्यार्थ्याच्या आजीस अंगठा लागत नाहीं म्हणून लागोपाठ तीन वेळां रिकाम्या हातीं परतावें लागलें होतें. चौथ्या वेळीं नातू बरोबर गेला. इतरांचे अंगठे लागत आहेत, हें त्यानें आधीं पाहिलें. त्यावरून रेंज व सर्व्हर ठीक आहेत, हें त्यास कळलें. मग त्यानें आजीचे हात धुवून पुसले व एकेक बोट लावून पाहिलें. डाव्या हाताच्या अनामिकेनें काम झालें. तेव्हांपासून आजी दुकानांत गेली कीं आपण होऊन डावा हात पुढें करते. कष्टाचें काम करणारांत ज्या हातावर भार कमी, त्या हाताचीं मधलीं बोटें कमी झिजलेलीं असण्याचा संभव अधिक असतो, हें येथें लक्षांत घ्यावें.

बोटांपैकीं एकहि लागलें नाहीं तर आणखी वाटा आहेत. कुटुंबांतील ज्या दुसऱ्या माणसाचें नांव त्याच पत्रिकेंत आहे, त्यास आपलें बोट लावतां येतें. जेथें डोळ्याच्या बुबुळावरून ओळख पटविण्याचें उपकरण जोडलेलें असेल, तेथें तें वापरावें. आधारला मोबाइल क्रमांक जोडलेला असेल तर त्यावर येणाऱ्या सांकेतिक आंकड्यानें, म्हणजे ओ. टी. पी. नें, ओळख पटवितां येते; मात्र तो आंकडा आपल्यासमोर दुकानांतच वापरला जावा, फोनवरून कोणासहि सांगूं नये.

पांचवा वर्ग नोंदींचा. येथें बोट चांगलें, यंत्र चांगलें, आणि तरीहि काम अडतें. कारण कागदांत कोठें तरी मेळ बसत नाहीं. आधारकडून येणारे कांहीं आंकडे पडद्यावर दिसतात, ते ओळखावे. ३०० म्हणजे ठसा जुळला नाहीं. याची चर्चा वर झालीच आहे. ३३० म्हणजे त्या माणसानें आपले ठसे मोबाइलवरून कुलूपबंद करून ठेवले आहेत. तें कुलूप त्यानेंच उघडावें. ८११ म्हणजे भांडारांत त्याचे ठसेच नाहींत. ९९८ म्हणजे आधार क्रमांक चुकीचा आहे किंवा त्याची माहिती उपलब्ध नाहीं. पडद्यावर नांवच आलें नाहीं तर पत्रिकेस त्या माणसाचा आधार जोडला गेलेला नाहीं, किंवा त्याचें नांव पत्रिकेंतून गळलें आहे, असें समजावें. त्यासाठीं तहसील कचेरीच्या पुरवठा शाखेंत अर्ज करावा लागतो. ज्यांच्या ठशांत वारंवार अडचण येते त्यांनीं आधार केंद्रांत जाऊन ठसे नव्यानें द्यावे.

यांत आमच्या शाळेतील मुलांनीं व पालकांनीं एक गोष्ट विशेष जपावी. पांच वर्षांखालील मुलाच्या आधारांत बोटांचे ठसे घेतलेले नसतात. पांचवें वर्ष पूर्ण झाल्यावर एकदां, व पंधरावें पूर्ण झाल्यावर पुन्हां एकदां, ते देणें आवश्यक असतें. पांच ते सात व पंधरा ते सतरा या वयांत त्यासाठीं शुल्क पडत नाहीं. वरच्या वर्गांतील कित्येक मुलांनीं दुसऱ्या वेळचे ठसे दिलेलेच नसतात, आणि वाढत्या वयांत बोट मोठें झाल्यामुळें जुना ठसा जुळत नाहीं. त्याचप्रमाणें पत्रिकेंतील प्रत्येकाची ओळख पुन्हां तपासण्याचें जें काम ई-केवायसी या नांवानें अलीकडे सुरू झालें, तें दुकानांतील यंत्रावर होतें, आणि 'मेरा ई-केवायसी' या सरकारी अॅपवर चेहरा दाखवूनहि होतें. ज्यांचीं बोटें झिजलीं आहेत त्यांस ही दुसरी वाट सोयीची आहे. परगांवीं ऊसतोडीस किंवा मजुरीस गेलेल्यांनीं हेंहि ध्यानांत ठेवावें कीं, पत्रिका गांवची असली तरी धान्य दुसऱ्या ठिकाणीं मिळूं शकतें. ९ ऑगस्ट २०१९ रोजीं महाराष्ट्र व गुजरात यांच्या दरम्यान ही सोय प्रथम सुरू झाली, व पुढें ती देशभर पसरली.

आतां शेवटचा व सर्वांत महत्त्वाचा प्रश्न. हे सर्व उपाय करूनहि यंत्रानें 'नाहीं' म्हटलें तर काय? तर माणसानें रिकाम्या हातीं परत जावयाचें नाहीं, असें नियमच सांगतो. सन २०१७ च्या सप्टेंबरांत झारखंडांत एका गरीब घरांतील शाळकरी वयाची मुलगी मरण पावली. आधारशीं न जोडल्यामुळें त्या कुटुंबाची शिधापत्रिका रद्द झाली होती. मृत्यु भुकेनें झाला असें घरच्यांनीं सांगितलें, आजारानें झाला असें सरकारनें म्हटलें, आणि साऱ्या देशांत वाद माजला. त्यानंतर २४ ऑक्टोबर २०१७ रोजीं केंद्राच्या अन्न विभागानें राज्यांस स्पष्ट लिहिलें कीं, आधार नाहीं म्हणून कोणाचें नांव गाळूं नये. तसेंच जाळ्याचा दोष, ठशाचा दोष किंवा दुसरें कांहीं तांत्रिक कारण यांमुळें ओळख पटली नाहीं, तर शिधापत्रिका व आधार पत्र प्रत्यक्ष पाहून धान्य द्यावें, आणि त्याची वेगळी नोंद ठेवावी. सर्वोच्च न्यायालयानें २६ सप्टेंबर २०१८ च्या निकालांत शिध्यासारख्या लाभांसाठीं आधारचा उपयोग कायम ठेवला. परंतु ओळख पटविण्यांत यंत्र असफल झालें म्हणून खऱ्या हक्कदारास वंचित ठेवूं नये, हेंहि त्याबरोबरच बजाविलें.

म्हणून दुकानांत दोन्ही पत्रें घेऊन जावीं, आणि ठसा न लागल्यास "नोंद करून धान्य द्यावें," असें नम्रपणें परंतु निश्चयानें म्हणावें. तरीहि नकार मिळाला तर १९६७ या क्रमांकावर शिधावाटपाची तक्रार नोंदवितां येते. आधारसंबंधीं तक्रार १९४७ या क्रमांकावर करतां येते. पुरवठा शाखेकडे लेखी अर्ज द्यावा व पोंच घ्यावी. कायद्यानें प्रत्येक जिल्ह्यास तक्रार निवारण अधिकारी नेमला आहे, आणि हक्काचें धान्य न मिळाल्यास अन्नसुरक्षा भत्ता मागण्याचीहि तरतूद त्यांत आहे.

एक सावधगिरी उलट बाजूनेंहि बाळगावी. पडद्यावर ओळख पटली असतांहि ती पटली नाहीं असें सांगितलें जाण्याचा धोका अशिक्षित माणसास असतो. मग त्या महिन्याचें धान्य कागदोपत्रीं उचललें जातें, आणि तो मात्र रिकामा राहतो. यासाठीं बोट लावल्यावर पडदा स्वतः वाचावा, अथवा वाचतां येणाऱ्यास वाचावयास सांगावें. ओळख पटली असेल तर पावती मागावी. आणि पावतीवरील किलो व तराजूवरील किलो एकच आहेत कीं नाहींत, हें पहावें. आपल्या पत्रिकेवर कोणत्या महिन्यांत किती धान्य उचललें गेलें, हें 'मेरा राशन' या सरकारी अॅपवर कोणासहि पाहतां येतें. दुकानदारांवर सरसकट संशय घ्यावा असा आमचा हेतु नाहीं. त्यांपैकीं पुष्कळ जण दिवसभर लोकांचे बोल ऐकत त्याच अडलेल्या यंत्रापुढें बसलेले असतात, आणि परीक्षा कशी करावी हें गिऱ्हाइकास ठाऊक असलें तर त्यांचेंहि काम हलकें होतें.

सारांश असा कीं, यंत्र अडलें असतां तें कोठें अडलें, हें क्रमानें पहावें: शरीर, जाळें, सर्व्हर, बोट, नोंद. पहिले तीन दोष सरकारचे किंवा दुकानदाराचे; चौथा कष्टांचा; पांचवा कागदाचा. या पांचांपैकीं एकहि दोष माणसाची भूक खोटी ठरवीत नाहीं. आमच्या विद्यार्थ्यांस एवढेंच सांगणें आहे कीं, धान्य वाटपाच्या दिवशीं आपल्या आळींतील जी म्हातारी किंवा जो म्हातारा एकटा दुकानांत जातो, त्याच्याबरोबर एक वेळ जावें. बरोबर एक स्वच्छ फडकें, दोन्ही पत्रें व एक वही घ्यावी. तीन प्रश्न विचारावे, दहा बोटें लावून पहावीं, आणि पावती मोठ्यानें वाचून दाखवावी. शाळेंत शिकलेलें वाचन ज्यांच्या उपयोगीं पडावें, अशीं माणसें आपल्या शेजारींच राहतात.